वाऱ्याची वाट : दक्षिण पॅसिफिकमधील खासगी नौकाभ्रमण

पॅसिफिक महासागरात विषुववृत्ताच्या दक्षिणेला वर्षाचा बराच काळ आग्नेयेकडून जे स्थिर वारे वाहतात, त्यांना भूगोलात व्यापारी वारे म्हणतात. आणि ताहिती, सामोआ, फिजी या बेटांमधून खासगी नौकेने हिंडण्याचा जो प्रघात गेल्या दीडशे वर्षांत रुजला, त्याची दिशा याच वाऱ्यांनी ठरवली. वारा पाठीशी घेऊन पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचे आणि नोव्हेंबर ते एप्रिल या चक्रीवादळांच्या महिन्यांत बहुधा न्यूझीलंडचा आसरा घ्यायचा, असा हा क्रम आहे.

ही बेटे ज्यांनी वसवली ते पॉलिनेशियन दर्यावर्दी मात्र पश्चिमेकडून, म्हणजे याच वाऱ्यांच्या उलट दिशेने, दोन डोण्या आडव्या वाशांनी एकत्र बांधलेल्या जोडनौकांतून आले होते. ते कसे साधत असे, हे रायातेआ बेटाचा जाणता नाविक तुपाइआ याने १७६९ मध्ये जेम्स कुकला सांगितले : नोव्हेंबर ते जानेवारीत पश्चिमेचे वारे सुटतात आणि त्यांच्या बळावर पूर्वेकडे सरकता येते.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय धनिक या समुद्रात उतरले, तेव्हा त्यांचा भर पैशावर आणि मनुष्यबळावर होता. थॉमस ब्रॅसी यांच्या ‘सनबीम’ या शिडांच्या नौकेवर साहाय्यक वाफेचे इंजिन होते आणि १८७६-७७ च्या पृथ्वीप्रदक्षिणेत तिच्यावर खलाशी धरून चाळिसांहून अधिक माणसे होती. १८८८ मध्ये रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी ‘कॅस्को’ भाड्याने घेऊन मार्केसास बेटे आणि तुआमोतूची कंकणद्वीपे, म्हणजे उथळ खारकच्छाभोवती कड्यासारखी पसरलेली प्रवाळबेटे, पाहिली.

हा खर्चिक शौक एकट्या माणसाच्या आवाक्यात आणला तो जोशुआ स्लोकम याने. जुन्या, मोडकळीस आलेल्या नौकेची स्वतः पुनर्बांधणी करून तयार केलेली त्याची सुमारे ३७ फुटी ‘स्प्रे’ सुकाणू बांधून ठेवले तरी मार्ग सोडत नसे, त्यामुळे १८९५ ते १८९८ या काळात त्याला एकट्याने जगप्रदक्षिणा पुरी करता आली. १९१४ मध्ये पनामा कालवा खुला झाल्यावर दक्षिण अमेरिकेच्या टोकाचा वादळी फेरा टळला. हॅरी पिजन याने स्वतः बांधलेल्या ‘आयलंडर’मधून १९२१ ते १९२५ मध्ये केलेल्या प्रदक्षिणेत याच कालव्याचा उपयोग केला.

अशा रीतीने साधने साधी होत गेली, तरी पाठीवरचा वारा या प्रवाशांना लागतच राहिला. १९७६ मध्ये ‘होकुलेआ’ ही जोडनौका, सातावाल बेटाच्या माउ पियाइलुग यांच्या मार्गदर्शनाखाली, तारे आणि लाटा वाचत, कोणत्याही उपकरणाविना हवाईहून ताहितीला पोहोचली, आणि वाऱ्याला तिरपे छेदत दूरची बेटे गाठण्याची विद्या अजून हयात असल्याचे तिने सिद्ध केले. म्हणून या समुद्रातील नौकाभ्रमणाचा इतिहास लिहिताना पहिले पान तुपाइआच्या पूर्वजांना देणे हेच न्यायाचे ठरते.