राखीव जागा आणि रिकामी वाडी

स्त्रियांना राजकारणात मज्जाव करणारे कायदे आपल्याकडे इतिहासजमा झाले, हे खरे. मज्जाव मात्र संपलेला नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील कातकरी स्त्रीकडे पाहिले की याचा प्रत्यय येतो.

मुंबई इलाख्याच्या विधिमंडळाने १९२१ साली स्त्रियांना मताधिकार दिला. परंतु त्याला मालमत्तेची अट होती. खैराचा कात काढून उदरनिर्वाह करणाऱ्या भूमिहीन जमातीच्या स्त्रीपर्यंत तो पोहोचणे शक्यच नव्हते. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने ती अट दूर केली. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींतील किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या आणि अनुसूचित जमातींच्या राखीव जागांतही त्यांना तेवढाच वाटा दिला. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले.

मग घोडे अडते कोठे? पहिली अडचण कागदाची. राखीव जागेवर निवडून यायचे तर जातवैधता प्रमाणपत्र लागते आणि अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्या घराण्यात त्या काळी कोणी शाळेची पायरी चढले नाही, ज्याचे नाव सातबाऱ्यावर आले नाही, त्याने तो आणावा कोठून? विवाहितेला तर हा पुरावा माहेरचा, वडिलांकडचाच द्यावा लागतो.

दुसरी अडचण ऋतूची. भाताची कापणी आटोपली की उचल घेतलेली कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात. नवराबायको जोडीने राबतात आणि पावसाळा तोंडावर आला की परततात. ग्रामसभा मात्र प्रथेप्रमाणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. चारांपैकी दोन सभांच्या वेळी ही स्त्री गावातच नसते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असे कायदा सांगतो. पण वाडीच रिकामी असेल तर तिथे बोलणार कोण?

जागा राखून ठेवणे हे अर्धेच काम झाले. दाखल्यांची शिबिरे पावसाळ्यात, थेट वाडीवर भरवावीत. महत्त्वाचे ठराव कुटुंबे परतल्यावर मांडावेत. यासाठी नव्या घटनादुरुस्तीची गरज नाही. सभेचा दिवस ठरवताना गावाने वाडीची आठवण ठेवली, तरी पुष्कळ साधेल.