चार दिवसांची कळ

आमच्या सातारा-सांगलीकडे घरातली बाई ‘बाहेर बसली’ की सारे घर तिचे चार दिवस मोजी. तिला कळ किती येते, हे मात्र कोणी विचारीत नसे. १८९४ साली मिरजेत डॉ. वानलेस यांचे मिशन इस्पितळ उभे राहिले. पण पाळीची कळ हे दुखणे मानण्याचीच रीत नव्हती.

या दुखण्यामागे एक रोग असू शकतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, तोच एंडोमेट्रिओसिस. व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांनी १८६० साली अशा वाढीचे वर्णन केले. पाळीचे रक्त गर्भनलिकांतून उलटे पोटात उतरते, ही उपपत्ती आल्बनीच्या सॅम्पसन यांनी १९२७ साली मांडली. तिनेही सारा उलगडा होत नाही.

सोनोग्राफीत अंडाशयातील गाठ दिसते, बारीक डाग निसटतात. ते कधी दुर्बिणीतून पाहावे लागतात. संप्रेरकांच्या गोळ्यांनी कळ आवरते, शस्त्रक्रियेने डाग काढता येतात. तरी रोग उलटू शकतो. ‘मूल झाले की थांबेल’ हा सल्ला भरवशाचा नाही.

निदानाची सुरुवात घरातल्या विचारपुशीपासून होते, असे आम्हांस वाटते. ज्या घराने दिवस मोजले, त्याने आता कळही विचारावी.