इंग्लंडमधील प्रसूतिव्यवसायात पुरुषांचा प्रवेश : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सतराव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये बाळंतपण हे सर्वस्वी स्त्रियांचे क्षेत्र होते. प्रसूती अडली म्हणजे शल्यचिकित्सकास पाचारण केले जाई. परंतु गर्भात मृत झालेले मूल आकड्याने ओढून काढणे, हेच बहुधा त्याचे काम असे. दारात पुरुष उभा राहिला की घरच्यांनी मुलाची आशा सोडावी, अशी ही स्थिती होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र सुखवस्तू घरांतून सुईणीऐवजी प्रथमपासूनच पुरुषाला बोलावण्याची रीत पडली. हा पालट कसा झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

त्याचे श्रेय सामान्यतः चेंबरलेन घराण्याच्या फोर्सेप्सला, म्हणजे प्रसूतीच्या चिमट्याला दिले जाते. मूळच्या फ्रेंच ह्यूगनॉ असलेल्या या कुटुंबाने आपले हत्यार शतकभर गुप्त ठेवले. १६३४ साली पीटर चेंबरलेन (तिसरा) याने लंडनच्या सुईणींची संघटना उभारून ती आपल्या नियंत्रणाखाली आणू पाहिली, तेव्हा हेस्टर शॉ व श्रीमती व्हिप यांच्या पुढाकाराने सुईणींनी कडाडून विरोध केला. ज्याला केवळ अडलेल्या प्रसूतीत हत्यार चालवणे ठाऊक, तो नैसर्गिक प्रसूतीचे शिक्षण काय देणार, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. योजना बारगळली. पुढे १६७० मध्ये ह्यू चेंबरलेन हे गुपित विकण्यासाठी पॅरिसला गेला. मोरिसो या नामांकित प्रसूतितज्ज्ञाने परीक्षेसाठी त्याच्यापुढे ठेवलेल्या स्त्रीचा कटिभाग कमालीचा अरुंद होता. चेंबरलेनला तिची सुटका करता आली नाही आणि ती दगावली. घराण्याची मूळ हत्यारे १८१३ मध्ये एसेक्समधील वुडम मॉर्टिमर हॉल येथे जमिनीच्या फळ्यांखाली सापडली.

एडमंड चॅपमन याने १७३३ साली चिमट्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर विल्यम स्मेली याने लंडनमध्ये चामड्याच्या पुतळ्यांवर प्रसूतीचे शिक्षण दिले. दहा वर्षांत नऊशेहून अधिक पुरुष विद्यार्थी आपण शिकवले, असे तो नमूद करतो. एलिझाबेथ निहेल या सुईणीने १७६० मधील आपल्या ग्रंथात या पुतळ्यांची व हत्यारांची यथेच्छ टर उडवली. तिच्या टीकेत व्यवसाय हातचा जाण्याची भीती होतीच. पण अधीरपणे हत्यार वापरल्याने होणाऱ्या इजांविषयीची तिची तक्रारही निराधार नव्हती.

तथापि, केवळ चिमट्याने हा पालट घडला असे मानता येत नाही. विल्यम हंटर हा त्या काळचा सर्वांत प्रतिष्ठित पुरुष-प्रसूतिकार. पण तो चिमटा क्वचितच वापरी. १७६२ साली राणी शार्लट हिच्या पहिल्या बाळंतपणात प्रत्यक्ष काम श्रीमती ड्रेपर या सुईणीने केले आणि हंटर शेजारच्या दालनात थांबला होता. ॲड्रियन विल्सन यांनी १९९५ च्या ग्रंथात उच्चभ्रू स्त्रियांच्या निवडीवर भर दिला आहे, तो अधिक पटतो. नुकसान मात्र सुईणींचे झाले. पैसेवाली घरे पुरुषांकडे गेली आणि सुईणींच्या वाट्याला मुख्यतः गरिबांची बाळंतपणे उरली.

या पुरुषांसाठी इंग्रजीत ‘मॅन-मिडवाइफ’ असा विचित्र जोडशब्द रूढ झाला. (मराठीतही ‘सुईण’ला रूढ पुल्लिंगी रूप नाही.) कायद्याची भाषाही स्त्रीलिंगीच राहिली. १९०२ च्या मिडवाइव्ह्ज ॲक्टने ‘मिडवाइफ’ या पदनामाचे नियमन केले ते स्त्रियांपुरते. डॉक्टर म्हणून प्रसूतिगृहावर पुरुषांचे वर्चस्व असले, तरी सुईणीचे पद त्यांना जवळजवळ बंद होते. १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्यानेही या व्यवसायाला अपवाद केले. तो अपवाद १९८३ मध्ये रद्द झाला.