तुरटीची परडी आणि टाकणखाराची हिमफुले

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गृहिणी तारेच्या सांगाड्याला लोकर गुंडाळून तो तुरटीच्या उष्ण द्रावणात टांगीत आणि दुसऱ्या दिवशी स्फटिकांनी लगडलेली परडी बाहेर काढून दिवाणखान्यात मांडीत. द्रावण निवू लागले, की पाण्याला न पेलवणारी तुरटी लोकरीच्या खरखरीत तंतूंवर अष्टफलकांच्या रूपाने बसे. पिवळी छटा हवी असल्यास त्यात हळदही उकळली जाई.

ज्या तुरटीचा असा खेळ झाला, ती मात्र शतकानुशतके रंगाऱ्यांच्या व कातडी कमावणाऱ्यांच्या धंद्याचा आधार आणि सत्ताधीशांच्या खजिन्याची बाब होती. पंधराव्या शतकात इटलीतील तोल्फा येथे तिच्या खाणी सापडताच पोपने तिचा मक्ता स्वतःकडे ठेवला, तर यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील कारखाने सतराव्या शतकाच्या आरंभापासून १८७१ पर्यंत चालले.

टाकणखाराची कथाही अशीच आहे. तिबेटच्या सरोवरांतून शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवरून हिमालय ओलांडून येणारा हा क्षार एकेकाळी युरोपात दुर्मिळ व महाग होता. परंतु १८८३ ते १८८९ या काळात कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीतून वीस-वीस जनावरे जुंपलेल्या गाड्यांनी तो १६५ मैलांवरील मोहावे रेल्वे स्थानकात पोचू लागला, पुढे धुण्याच्या सामानात त्याची गणना झाली, आणि अमेरिकेतील मुले नाताळच्या झाडासाठी त्याच्याच स्फटिकांची हिमफुले घडवू लागली. जिन्नस स्वस्त झाल्यावाचून त्याची क्रीडा होत नाही, हेच स्फटिक वाढवण्याच्या या छंदाच्या इतिहासाचे सार म्हणावे लागेल.