कुणीकडं निघालात?

गावाकडच्या वाटेवर समोरून येणारा अनोळखी माणूस हमखास एक प्रश्न विचारतो : "कुणीकडं निघालात?" प्रश्नात आपुलकी असते, थोडी चौकशीही असते. उत्तर ठरलेले असते. बाजाराला, लेकीकडे, कचेरीत, देवाला. दोन वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन नाणेघाट चढत होतो, तेव्हा लाकडाची मोळी घेऊन उतरणाऱ्या एका बाईंनी हाच प्रश्न विचारला. पुढच्या मुलीने उत्तर दिले, "कुठं नाही मावशी, असंच." बाई थबकल्या, हसल्या आणि उतरू लागल्या. "असंच" हे उत्तर त्यांना पटले नसावे. मराठी मुलखातल्या वाटांना ते फार उशिरा ऐकू आले, आणि सगळ्यांच्या तोंडून तर अजूनही ऐकू येत नाही.

ज्या घाटात हा संवाद झाला त्याचीच साक्ष काढू. कोकणातली बंदरे आणि जुन्नर यांना जोडणारी ही सातवाहनकालीन वाट. माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची मोजदाद आहे : गाई, हत्ती, घोडे, हजारोंच्या आकड्यांत कार्षापण. तिथेच राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते. आता त्यांची पावले तेवढी उरली आहेत. बाहेर दगडी रांजण आहे, तो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे परंपरेने सांगतात. ही वाट मालाची, बैलांची, लमाणांची. इथून जाणाऱ्याला "कुणीकडं" ह्या प्रश्नाचे उत्तर देऊन वर पैसेही मोजावे लागत. घाटवाटा, नाळा, निसण्या, खिंडी, पाणंदी हा आपला वाटांविषयीचा सारा शब्दसंग्रह कामासाठी चालणाऱ्यांनी घडवला आहे. निसणीला निसणी म्हणणाऱ्याच्या डोक्यावर बहुधा ओझे होते.

निर्हेतुक चालणे आपल्याकडे अजिबात नव्हते असे नाही. मराठीतला पहिला गद्यग्रंथ मानल्या जाणाऱ्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरांचे अखंड भ्रमण आहे. महानुभावांच्या आचारधर्मात 'अटन' हे व्रतच आहे. पण ते संन्याशाचे चालणे. संसार सोडल्यावर मिळणारी ही मोकळीक संसारी माणसाला नव्हती. १८५७ साली वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे बंडाच्या धामधुमीत झाशीपर्यंत जाऊन आले. मराठीतले ते एक थोर प्रवासवर्णन ('माझा प्रवास', चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेले) आपण आवडीने शिकवतो. पण भटजी घराबाहेर पडले ते कर्ज फेडायला, दक्षिणेच्या आशेने. रस्त्यात त्यांना तीर्थे भेटली, लढाया भेटल्या, कुतूहलही भेटले; मात्र कुतूहल हे निघण्याचे कारण म्हणून सांगता आले नसते.

कारण न सांगता चालण्यासाठी म्हणून मुद्दाम आखलेल्या वाटा सह्याद्रीत आल्या त्या इंग्रजांबरोबर. १८२४ मध्ये जनरल लॉडविक महाबळेश्वरच्या पठारावर चढला. गव्हर्नर माल्कमने तिथे आरोग्यस्थान वसवले आणि १८२९ मध्ये सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून, वाईजवळचे खंडाळा देऊन, ती जागा पदरात पाडून घेतली. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट चौक गावाकडून माथेरानवर गेला. ह्या दोन्ही ठिकाणी एक नवीच गोष्ट निर्माण झाली, तिचे नाव 'पॉइंट'. वाट जिथे संपते आणि पुढे कडा असतो, ती जागा. व्यवहाराच्या दृष्टीने अगदी निरुपयोगी. जुनी वाट कुठेतरी पोचवायची. ही नवी वाट काहीतरी पाहायला लावून परत आणते. नाकेखिंडीचा केट्स पॉइंट झाला (केट ही माल्कमची मुलगी), सिंदोळ्याचा विल्सन पॉइंट, मढीमहालाचा आर्थर्स सीट. 'पॉइंट' ह्या शब्दाला आपण आजवर मराठी प्रतिशब्द शोधला नाही, हे मला सूचक वाटते. ती वस्तूच आपल्या अनुभवात नव्हती.

त्या डोंगरांवर आधीपासून माणसे होती, वाटाही होत्या. माथेरानच्या रानातले धनगर, ठाकर, कातकरी ह्यांच्या पायांनी पडलेल्या वाटांवरूनच साहेब वर पोचला. महाबळेश्वरात १८३४ पासून चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता आणि तिथल्या भाजीपाल्याचे, बटाट्यांचे मळे त्यांच्या श्रमातून उभे राहिले. म्हणजे हवा खाण्यासाठी मोकळा फिरणारा आणि मुलूख सुटून बेडीत आलेला, असे दोन प्रवासी एकाच पठारावर होते. निसर्गवर्णनाच्या परंपरेत पहिल्याची दृष्टी आपण घेतली. दुसऱ्याने तो सूर्यास्त कसा पाहिला असेल, हे विचारायचे राहून गेले.

शब्दांकडे पाहिले तर हीच कथा आणखी स्पष्ट होते. 'भटकणे' हा शब्द घ्या. "कुठे भटकत होतास?" हा आईचा रागाचा प्रश्न. भटके कुत्रे, वणवण भटकणे, आणि बाईच्या वाट्याला तर 'भटकभवानी' ही खास शिवी. कारणाशिवाय चालणाऱ्या पुरुषाला उनाड म्हटले जाई. बाईच्या बाबतीत थेट चारित्र्यावर बोट ठेवले जाई. तोच धातू गेल्या काही दशकांत 'भटकंती' होऊन प्रतिष्ठित झाला. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत त्याचे स्तंभ आले, सह्याद्रीत फिरणारे स्वतःला अभिमानाने 'भटके' म्हणवू लागले. शब्दाने एवढी चढण चढलेली सहसा दिसत नाही.

पण तो शब्द सगळ्यांना घेऊन वर गेला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटकणे हाच काही समाजांचा गुन्हा ठरवला. १९११ च्या कायद्याने ती तरतूद साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू झाली. नोंदणी, बोटांचे ठसे, पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायचे तर परवाना. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचे कुंपण होते. १९०७ मध्ये माथेरानची छोटी गाडी सुरू झाली आणि मुंबईकरांना फिरणे सोपे झाले. त्यानंतर चारच वर्षांनी आलेल्या ह्या कायद्याने इतर हजारोंचे चालणे परवान्याला बांधले. ३१ ऑगस्ट १९५२ ला ह्या जमाती 'विमुक्त' झाल्या. त्यांच्या चालण्याचे मराठी वर्णन वाचायला लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा'ची (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ची (१९८७) वाट पाहावी लागली. 'उपरा'त गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव चालणारे कैकाडी कुटुंब आहे. त्यात डोंगर आहेत, पाऊस आहे, उघडे आकाशही आहे. निसर्गलेखनाच्या आपल्या याद्यांत ह्या पुस्तकाचे नाव येत नाही. यावे असे माझे म्हणणे आहे. पाऊस अंगावर घेण्याची हौस आणि पाऊस अंगावर येण्याची सक्ती ह्यांतला फरक कळल्याशिवाय दुर्गाबाईंचे 'ऋतुचक्र'सुद्धा अर्धेच वाचले जाते. आमच्या महाविद्यालयात एका पावसाळ्यात वर्गात 'उपरा' चालू होते आणि बाहेर फळ्यावर 'पावसाळी भटकंती'ची सूचना लागलेली होती. दोन्ही ठिकाणचा शब्द एकच आहे, हे एका विद्यार्थ्याने दाखवून दिले. तोवर माझ्या लक्षात आले नव्हते.

आता एका सहलीविषयी. १९३४ साली डॉ. आंबेडकरांच्या काही सहकाऱ्यांच्या मनात आले की स्थळे पाहायला बाहेर पडावे. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले. नाशिकहून, येवल्याच्या मार्गाने, तीसएक मंडळी लॉऱ्यांतून व मोटारींतून औरंगाबादकडे निघाली. कार्यक्रम मुद्दामच जाहीर केला नव्हता. अस्पृश्य प्रवाशाला आडगावांत ज्या अडचणी येतात त्या टाळण्यासाठी ओळख न देता जायचे होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. रमझानचा महिना. दरवाज्याबाहेर पाण्याने भरलेला हौद, भोवती फरसबंदी. धुळीने माखलेल्या मंडळींपैकी काहींनी हातपाय, तोंड धुतले. दरवाज्यात शिरून परवानगीची चौकशी करीत असतानाच मागून एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आला की अस्पृश्यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिव्या झाल्या. अखेर किल्ला पाहण्याची मुभा मिळाली ती एका अटीवर, की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. अट मोडली जाऊ नये म्हणून हत्यारी शिपाई बरोबर दिला गेला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या त्यांच्या आत्मकथनपर टिपणांत हा प्रसंग आहे. पुस्तिका म्हणून ती १९९० मध्ये छापली गेली.

हा प्रसंग सामाजिक इतिहासात नेहमी उद्धृत होतो, आणि तो बरोबरच आहे. मला मात्र तो प्रवासाच्या इतिहासात वाचावासा वाटतो. मंडळी सत्याग्रहाला निघाली नव्हती. महाडला १९२७ साली चवदार तळ्यावर ती हक्क बजावायला गेली होती. इथे ती सहलीला आली होती. किल्ला पाहायचा, लेणी पाहायची, चार दिवस मित्रांच्या संगतीत घालवायचे, एवढेच. त्या साध्या आनंदासाठीही नाव लपवावे लागले आणि शेवटी पहाऱ्यात किल्ला पाहावा लागला. "असंच" हे उत्तर त्यांना उपलब्ध नव्हते. पाठीशी बंदूक असताना देवगिरीच्या त्या अंधाऱ्या भुयारी वाटेतून चढणाऱ्या माणसाला वास्तुकलेचे कौतुक करण्याइतकी उसंत कुठून मिळणार!

गंमत अशी की ज्यांनी महाबळेश्वरी कारण न विचारणाऱ्या वाटा आखल्या, त्यांच्या स्वतःच्या देशातही तो प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता. दौलताबादच्या प्रसंगाआधी दोनच वर्षे, २४ एप्रिल १९३२ रोजी, मँचेस्टर-शेफील्डकडचे काहीशे तरुण कामगार किंडर स्काउट नावाच्या पठारावर ठरवून घुसले. पठार ड्यूक ऑफ डेव्हनशायरचे, ग्राऊज पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले. रखवालदारांशी झटापट झाली, आणि नेता बेनी रॉथमन ह्या वीस वर्षांच्या यंत्रकामगारासह पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि वाटांविषयीचा कायदा झाला, २००० मध्ये डोंगर-माळांवर मोकळे फिरण्याचा हक्क आला आणि २००२ मध्ये तेव्हाच्या ड्यूकने जाहीर माफी मागितली. तुलना फार ताणू नये. तिथे जमिनीची मालकी आडवी आली, इथे जन्म. जमीन कायद्याने खुली करता येते.

आपल्याकडे सर्वांत मोठी सार्वजनिक वाट म्हणजे पंढरीची. तिच्यावर "कुणीकडं" विचारावे लागत नाही, उत्तर पताकेवरच असते. इरावती कर्वे त्या वाटेने चालल्या आणि 'परिपूर्ती'तल्या (१९४९) 'वाटचाल' ह्या लेखात त्यांनी तो अनुभव लिहिला. अभंग एक, चाल एक, पण एकाच दिंडीत ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या चुली वेगळ्या, हे त्यांना बोचले. वाट सगळ्यांची असूनही मुक्काम सगळ्यांचा नव्हता. आणि देऊळ तर १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले तेव्हा कुठे उघडले.

सुशिक्षित मराठी माणूस पुढे डोंगरात गेला तो बव्हंशी किल्ल्यांच्या बोटाला धरून. १८९६ मध्ये टिळकांनी रायगडावर शिवाजी उत्सव घडवला, स्वातंत्र्यानंतर गो. नी. दांडेकरांनी हयातभर गड पायांखाली घातले आणि दोन पिढ्यांना घराबाहेर काढले. त्यांचे ऋण मोठे आहे. तरी एक निरीक्षण नोंदवतो : नुसते चालणे आपल्याला पुरले नाही. "असंच" म्हणायला आपण कचरलो, म्हणून "गडावर" हे उत्तर शोधले. उत्तर भारदस्त होते, त्याला कुणी हरकत घेणार नव्हते. २०२५ मध्ये बारा मराठा दुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. हे उत्तर आता अधिकच भारदस्त झाले आहे. मात्र नाव नसलेल्या टेकडीवर, इतिहास नसलेल्या ओढ्याकाठी चालायला जाणारा आजही जरा संकोचतोच.

कायद्यानेही वाटेला कारणाशीच बांधले आहे. तलाठ्याकडच्या गावनकाशावर पायमार्ग तुटक रेषेने दाखवलेला असतो. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली वहिवाटीच्या वाटेतला अडथळा दूर करता येतो, १९६६ च्या जमीन महसूल संहितेतल्या कलम १४३ खाली शेतकऱ्याला बांधावरून रस्ता मागता येतो. दोन्हींचा आधार शेती, म्हणजे गरज. अशा खटल्यांनी तहसील कचेऱ्या भरलेल्या असतात, कारण तुटक रेषेवर नांगर फिरवणे सोपे असते. हौसेने चालणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही. नाणेघाटासारखी प्रसिद्ध वाट सोडली, तर तो डोंगरापर्यंत पोचतो तो कुणाच्या तरी बांधावरून, कुणाच्या तरी खळ्याच्या कडेने. तिथे मालक उभा असतो, आणि विचारतो.