मातीविना शेती: नाव एकाचे, द्रावण दुसऱ्याचे

हायड्रोपोनिक भाजीपाल्याचे शेत पाहायला गेलेल्या माणसाच्या पायाला चिखल लागत नाही. पांढऱ्या पाइपांच्या रांगा, त्यांच्या छिद्रांत बसवलेली लेट्यूसची रोपे, रोप उचलले की खाली लोंबणारी दुधी मुळे आणि कोपऱ्यात पोषक द्रव्यांची टाकी. या शेतीला तिचे नाव दिले विल्यम गेरिक यांनी. टाकीतील द्रावण मात्र अनेकदा डेनिस होगलंड यांच्या सूत्रावर बेतलेले असते. दोघेही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधक, आणि इतिहासात ते उभे आहेत एकमेकांसमोर.

मातीविना रोप जगते, हे त्यांच्या फार आधीपासून ठाऊक होते. १६९९ मध्ये इंग्लंडच्या जॉन वुडवर्ड यांनी पुदिना निरनिराळ्या पाण्यांत वाढवला. पावसाच्या पाण्यापेक्षा बागेतली माती कालवलेल्या पाण्यात तो अधिक जोमाने वाढला. १८६० च्या सुमारास युलियस फॉन साक्स आणि विल्हेल्म क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी रोपाला लागणारे क्षार मोजूनमापून पाण्यात विरघळवले. नत्र, स्फुरद, पालाश यांची गरज त्यामुळे प्रयोगशाळेत तपासता येऊ लागली. पण हे सारे काचेच्या बरणीपुरते होते.

बरणीचे शेत करता येईल का, हा प्रश्न गेरिक यांनी विचारला. १९२९ मध्ये त्यांनी आपली कल्पना प्रसिद्ध केली. उथळ टाक्यांवर तारेची जाळी, जाळीवर पालापाचोळ्यासारखा थर आणि खाली द्रावणात सोडलेली मुळे, अशी त्यांची रचना होती. त्यांच्या टोमॅटोच्या वेली सुमारे २५ फूट चढल्या आणि वर्तमानपत्रांना विषय मिळाला. ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द १९३७ मध्ये छापून आला. ग्रीक भाषेतील ‘पाणी’ आणि ‘श्रम’ या दोन शब्दांचा तो जोड. तो सुचवला होता त्यांचे सहकारी सेचेल यांनी.

विद्यापीठाने तपशील मागितला, तेव्हा गेरिक यांनी नकार दिला. हे काम आपण आपल्या वेळात, आपल्या घरी केले, असे त्यांचे म्हणणे होते. सार्वजनिक संस्थेत नोकरी करणाऱ्याचे ज्ञान नेमके कोणाचे, हा तो वाद. त्याच वर्षी गेरिक विद्यापीठातून बाहेर पडले. त्यांच्या दाव्यांची पारख होगलंड आणि डॅनियल आर्नन यांच्याकडे आली.

१९३८ ची त्यांची पुस्तिका या विषयातील सर्वांत संयत लेखन म्हणावे लागेल. कसदार जमिनीत येते त्याहून अधिक पीक पाण्यात येत नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. उत्पन्नाची मर्यादा प्रकाशासारख्या गोष्टी ठरवतात. मात्र त्याच पुस्तिकेत द्रावणाची कृतीही उघडपणे दिली होती. गुपित राखणाऱ्याचा शब्द उरला आणि कृती वाटून टाकणाऱ्याचे द्रावण.

पण त्यांची तुलना होती कसदार जमिनीशी. जिथे जमीनच नाही, तिथे काय? पॅन अमेरिकन कंपनीची विमाने प्रशांत महासागर ओलांडताना वेक बेटावर थांबत. प्रवाळाच्या त्या उजाड बेटावर भाजी पिकणे शक्य नव्हते आणि बाहेरून आणणे खर्चाचे. म्हणून तिथे द्रावणाच्या टाक्या मांडल्या गेल्या, तेही गेरिक यांच्या हाताखाली काम केलेल्या एका तरुणाच्या देखरेखीत. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने बेट जिंकले.

युद्धानंतर उलट प्रकार घडला. जपानमध्ये माती होती, पण तिला मैल्याचे खत देण्याची जुनी रीत होती. कच्च्या पालेभाजीतून रोग पसरतील, या धास्तीने अमेरिकी लष्कराने १९४६ मध्ये टोकियोजवळ चोफू येथे खडीच्या वाफ्यांत सॅलडच्या भाज्या पिकवायला घेतल्या. पंप, सिमेंटचे वाफे, द्रावणाचे रोजचे मोजमाप, असा हा लष्कराला परवडणारा थाट होता.

त्याच वर्षी दार्जिलिंग जिल्ह्यातील कालिम्पोंग येथे जे. शोल्टो डग्लस यांनी हा थाट वगळून पाहिला. वाळू आणि खडीचा वाफा, त्यावर भुरभुरलेली कोरडी खते आणि वरून पाणी. ही ‘बंगाल पद्धत’ त्यांनी १९५१ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. तिच्या वाफ्यांना ना पंप लागे, ना वीज.