वाकलेल्या काठीचा जोर : गिटार, सरस आणि ऑयलर

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की हा सुतारकामाचा वर्ग आहे. तसा तो थोडा आहेही. पण घरात गिटार बनवणाऱ्याच्या टेबलावर दोन फळ्या असतात, आणि त्यांच्यामधे वाकवून बसवलेल्या पंधरा-वीस काठ्या. या चित्रात अठराव्या शतकातलं गणित आणि एकोणिसाव्या शतकातली कारागिरी अशा दोन गोष्टी एकत्र येतात. म्हणून तो इतिहासाचाही विषय आहे.

आधी वाद्याकडे बघू. गिटारचा साउंडबोर्ड, म्हणजे सतारवाल्यांच्या भाषेत तबली, साधारण अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते. तारांचा ताण तिला झेपावा म्हणून आतून लाकडी पट्ट्या चिकटवतात. स्पेनमधल्या अल्मेरियाजवळ १८१७ साली जन्मलेल्या आंतोनियो दे तोरेस यांनी पंख्यासारख्या सात पट्ट्यांची रचना पक्की केली. १८६२ मधे त्यांनी एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. आवाज घडवते ती तबली आणि तिच्या पट्ट्या, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. तिकडे अमेरिकेत, १८३३ साली जर्मन भूमीतून न्यूयॉर्कला आलेले आणि पुढे पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला स्थिरावलेले सी. एफ. मार्टिन १८४०च्या दशकात फुलीच्या आकाराच्या पट्ट्या वापरू लागले. पुढे पोलादी तारा आल्या आणि तबलीवरचा एकूण ओढा सत्तर-ऐंशी किलोपर्यंत गेला. आता एखादी पट्टी एका टोकाला जरी सुटली, तरी वाद्य आधी खर्जात खरखरतं आणि मग तबली फुगते. चिकटवण्याला एवढं महत्त्व आहे ते यामुळे.

जुने स्पॅनिश कारागीर शिकंजा फार वापरत नसत. का? कारण सरस. गरम सरस निवता निवता स्वतःच पकड घेतो. तबली आणि बाजू जोडणारे छोटे ठोकळे ते एकेक करून बोटानं दाबून बसवत, क्षणभर धरत, की झालं. पांढरा-पिवळा कृत्रिम डिंक मात्र दाब मागतो. त्याच्या डब्यावरच्या सूचनेत मऊ लाकडासाठी दर चौरस सेंटिमीटरला सात ते दहा किलो असा आकडा सापडतो. १९६६ मधे अर्व्हिंग स्लोन यांचं गिटार बनवण्यावरचं पुस्तक आलं, १९७२ मधे अमेरिकेत वाद्यकारांची गिल्ड स्थापन झाली, आणि घरच्या गॅरेजमधे गिटार बनवणारे वाढले. त्यांच्या हाती हा डिंक होता. पण तबलीच्या मधोमध पोचेल असा लांब तोंडाचा शिकंजा महाग, आणि तसे वीस कुठून आणायचे?

मग पियानो आणि हार्पसिकॉर्डवाल्यांची युक्ती कामी आली : खाली फळी, वर फळी आणि मधे थोड्या जास्त लांबीच्या लवचीक काठ्या. इंग्रजीत याला गो-बार डेक म्हणतात.

आता बघा, गंमत इथे आहे. हूकनं १६७८ मधे सांगितलं, की स्प्रिंग जितकी ताणाल तितका जोर वाढतो. पण उभी काठी टोकांकडून दाबली तर ती तसं वागत नाही. एका ठरावीक भारापर्यंत ती सरळ राहते, मग एकदम बाजूला वाकते. १७२९ मधे लायडनच्या मुशेनब्रूकनं प्रयोग करून पाहिलं, की हा भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १७४४ मधे लेओनार्ड ऑयलरनं ते गणितानं मांडलं. खांब कोसळतो कधी, असा तो प्रश्न. आपला वाद्यकार मात्र त्या 'कोसळण्या'वरच काम चालवतो! कारण वाकल्यानंतर काठीचा जोर जवळजवळ तेवढाच राहतो. साठ सेंटिमीटरची काठी आणखी एक सेंटिमीटर दाबली, तरी जोर जेमतेम एक टक्का वाढतो. शिकंज्याचा स्क्रू अर्धा फेरा जास्त फिरला की पातळ तबलीवर वळ उठतो. इथे ती भीती फारशी नाही.

हिशेब करू. लाकडी काठी, ६० सेंटिमीटर लांब, २० मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर जाड. ऑयलरच्या सूत्रानं जोर येतो साधारण १२ किलो. जाडी ७ केली तर? जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे थेट १९ किलो. तेव्हा रंधा मारताना लक्ष लांबीपेक्षा जाडीवर हवं. ३० सेंटिमीटर लांब आणि ८ मिलिमीटर रुंद पट्टीवर अशा पाच काठ्या लावल्या, की ६० किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो. डब्यावरच्या आकड्यापेक्षा बराच कमी. तरी सांधा टिकतो, कारण पट्टी नीट बसवलेली असते आणि पातळ तबली तिच्यावर सहज टेकते. माझ्या मते नीट न बसलेली पट्टी दाबून बसवण्यासाठी जास्त काठ्या लावणं हा मुळातच चुकीचा धंदा. ताण तिथे कायमचा कोंडला जातो.

आता फळ्या. वीस काठ्या म्हणजे २४० किलो, आणि वरच्या फळीवर तो जोर *वर* लागतो. घरातल्या कपाटाचे कप्पे खुंट्यांवर नुसते टेकलेले असतात, खाली येणारा भार पेलण्यासाठी. त्यात हा प्रयोग केला तर वरचा कप्पा उचलला जातो आणि काठ्या सुटून तोंडावर येतात. म्हणून चार कोपऱ्यांत आटे असलेल्या लोखंडी सळ्या आणि दोन्हीकडून नट. सळ्यांना ६०-६० किलो म्हणजे काहीच नाही. प्रश्न प्लायवूडचा आहे. १८ मिलिमीटरची फळी, दोन कडांवर ६० सेंटिमीटरच्या अंतरानं टेकलेली, एवढ्या भाराखाली मधोमध सुमारे ३ मिलिमीटर वाकते. वरची वाकली तर फार बिघडत नाही, काठीचा जोर तसाच राहतो. पण खालची? तबलीला २५ फूट त्रिज्येचा बाक देतात. ४० सेंटिमीटर रुंदीत त्याची खोली असते साधारण अडीच मिलिमीटर. म्हणजे फळीचं वाकणं आणि मुद्दाम दिलेला बाक जवळपास सारखेच! आपण एक आकार ठरवतो आणि सुकून निघतो भलताच.

उपाय साधा. खालच्या फळीला मधे टेबलाचा आधार द्या. किंवा दोन थर एकमेकांना डिंकानं पूर्ण चिकटवा, मग वाकणं आठवा हिस्सा उरतं. नुसते स्क्रू मारले तर थर एकमेकांवर सरकतात आणि फायदा तेवढा मिळत नाही. आणि काठ्या काढताना एका बाजूनं ओळीनं काढू नका, आलटून पालटून काढा. डोळ्यांवर चष्मा ठेवा.